बंद ठेवायला सोपं घर

फोन आला तेव्हा काटेवाला एका कारखान्यातल्या भल्यामोठ्या वजनकाट्याखाली आडवा पडला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे बूट. फोन त्याच्या बायकोनं घेतला. दोन मिनिटं ती नुसतं हं, हं करत राहिली. मग तिनं त्यातल्या एका बुटाला पायानं हळूच ढोसलं आणि म्हणाली, "बाहेर या. मुलगी आहे."

त्याला आधी काही कळेचना. कोणाची मुलगी, कुठली मुलगी. मग कळलं, आणि उठायच्या घाईत त्यानं लोखंडी पट्टीवर कपाळ असं काही आपटलं की पुढचे पंधरा दिवस टेंगूळ मिरवत फिरला.

दत्तकाचा अर्ज भरून नऊ वर्षं झाली होती. मध्ये तीन वेळा कागद नव्यानं द्यावे लागले, दोन वेळा कार्यालयातली माणसं बदलली, एकदा तर त्यांची फाईलच सापडेना. पुढे पुढे दोघांनी त्यावर बोलणंच टाकलं. आशा सोडली होती असं नाही. पण दुखऱ्या दाताला जीभ लावायची नाही, तसं.

काटेवाला म्हणजे वजनकाटे तपासणारा. कारखाने, बाजार, दवाखाने, जिथे जिथे काटा तिथे तिथे हा. पेटीत मखमलीत ठेवलेली प्रमाण वजनं, हातात पांढरे मोजे, आणि एक पाणसळ, म्हणजे ती बुडबुड्याची पट्टी, जमीन सपाट आहे का बघायची. काटा बरोबर निघाला की त्यावर सील, आणि मग प्रमाणपत्र. प्रमाणपत्रं बायको लिहायची. तिचं अक्षर इतकं सुरेख की एक दिवसही शाळेत शिकवलं नसताना तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. दवाखान्यातले तान्ह्या बाळांचे काटेही तपासावे लागत. त्यात तो तीन किलोचं वजन ठेवायचा. बाकीची वजनं सवयीनं भराभर ठेवणारा हा माणूस ते एक वजन दोन्ही हातांनी अलगद ठेवायचा. मास्तरीण तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायची.

सोळा वर्षं हे दोघं गाडीत राहत होते. लांबलचक गाडी, आत पलंग, शेगडी, मोरी, गुडघ्याएवढा फ्रीज, भिंतीला टेकवून ठेवायचं टेबल. सुरुवातीला घरही होतं. पण वर्षातले दहा महिने घराला कुलूप, आणि प्रत्येक वेळी परतलं की घरानं काहीतरी करून ठेवलेलं. कधी नळ फुटून गुडघाभर पाणी, कधी भिंतीत वाळवी. एकदा तर स्वयंपाकघरात कबुतरांचा असा संसार थाटलेला की हेच दोघं दार वाजवून आत गेले. शेवटी हात टेकले आणि घर सोडून दिलं. तेव्हापासून टपाल मास्तरणीच्या मोठ्या भावाच्या पत्त्यावर. दादा मेहुण्याला चेष्टेनं "पाहुणे" म्हणायचा. सोळा वर्षांत ती चेष्टा झिजून नुसतं नाव उरलं होतं.

आणि आता कार्यालयाचं म्हणणं असं, की मुलगी सात वर्षांची आहे, कागद सगळे जुळतात, घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी. स्वतःचं, कायमचं घर दाखवा. भावाचा पत्ता चालणार नाही, गाडी तर नाहीच नाही. बाराव्या दिवशी पाहणीला बाई येतील. नाही जमलं तर फाईल पुढच्या जोडप्याकडे जाईल.

बारा दिवस. काटेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

दादानं एक दलाल गाठून दिला. काटेवाल्यानं त्याला पहिल्याच भेटीत मास्तरणीच्या अक्षरातला कागद दिला. फाटक एवढं रुंद हवं की गाडी एका दमात आत गेली पाहिजे. अंगणात फरशी हवी, माती नको. झाड नको, वेल नको, गवत तर अजिबात नको. लाकूड कुठेच नको. पाण्याची एकच मुख्य चावी, विजेचं एकच मुख्य बटण, दोन्ही दाराजवळ. निघताना दोन गोष्टी फिरवल्या की घर झोपलं पाहिजे आणि तीन महिन्यांनी आलो की होतं तसं उठलं पाहिजे.

दलालानं कागद दोनदा वाचला. म्हणाला, "साहेब, तुम्हाला घर नकोय. तुम्हाला कुलूप हवंय."

मास्तरीण हसली. काटेवाला हसला नाही. त्याला वाटलं, या माणसाला काय कळतंय.

पहिलं घर तिसऱ्या मजल्यावर निघालं, तिथे गाडी काय खिशात घालून नेणार. दुसरं घर मात्र मास्तरणीला बघताक्षणी आवडलं. जुनं होतं, पण प्रत्येक खोलीला दोन दोन खिडक्या, मागे हातभर बाग, आणि मधल्या खोलीत लाकडी जमीन, चालताना हलकंसं करकरणारी. ती त्या जमिनीवर चप्पल काढून उगाच इकडून तिकडे चालली. काटेवाला तोवर कामाला लागला होता. त्याची एक पद्धत होती. काटा तपासताना एकच वजन तबकाच्या चारही कोपऱ्यांत ठेवून बघतात, आकडा चारी ठिकाणी सारखा आला पाहिजे. तसं तो घराच्या प्रत्येक खोलीत चारही कोपऱ्यांत पाणसळ ठेवून बघत होता. मधल्या खोलीत बुडबुडा एका कोपऱ्यात पार टोकाला पळाला. वर कौलांवर शेवाळ, पन्हाळीत पालापाचोळा, न्हाणीघरातला नळ टपटपतोय. त्यानं बोटांवर मोजलं. या घराला वर्षातून निदान साठ दिवस द्यावे लागतील.

"हे घर आपल्याला खाईल," तो म्हणाला.

मास्तरणीनं चप्पल घातली आणि गाडीत जाऊन बसली.

तिसरं घर सातव्या दिवशी मिळालं. एकमजली, तीन खोल्या, सगळीकडे गुळगुळीत फरशी, अंगण सिमेंटचं, झाडाचं नाव नाही. गच्चीला उतार असा की पाणी थांबायची टाप नाही. फाटक प्रशस्त. चावी आणि बटण दाराच्या मागे, शेजारी शेजारी, जणू कोणी त्याचाच कागद वाचून बांधलं होतं. बुडबुडा बाराच्या बारा कोपऱ्यांत मधोमध. काटेवाल्याचा ऊर भरून आला. त्यानं त्याच संध्याकाळी करार केला.

पुढचे चार दिवस दोघं राबले. पलंग आला, छोटा पलंग आला, गाद्या आल्या, फ्रीज आला, मुलीसाठी टेबल आलं. पण सोळा वर्षांचे हात. मास्तरणीनं ताटल्या लावल्या त्या रबरी जाळीवर, घसरू नयेत म्हणून. कपाटाच्या दारांना त्यानं खिट्ट्या बसवल्या, वळणावर उघडू नयेत म्हणून. घर कुठल्या वळणावर जाणार होतं ते देवाला माहीत. उघड्या फळीवर एक वस्तू नाही. भिंतीवर एक खिळा नाही. आणि रात्री? पहिल्या रात्री दोघं नव्या पलंगावर तासभर पडून राहिले. गादीचं प्लास्टिक तसंच होतं, म्हटलं बाई येईपर्यंत नवीन दिसू दे, ते कूस बदलली की करकरायचं. छत फार उंच, भिंती फार लांब. शेवटी मास्तरीण उठली, उशी काखेत मारली आणि म्हणाली, "चला." अंगणात गाडी उभीच होती. गाडीत दोघांना दोन मिनिटांत झोप लागली.

स्वयंपाकही गाडीतच. नव्या फ्रीजमध्ये पाण्याची एक बाटली तेवढी होती.

बाराव्या दिवशी सकाळी कार्यालयातून फोन आला, की एका कागदावर सही राहिली आहे, पाहणीच्या आधी येऊन करून जा. निघाले तसेच. आता यांची निघायची एक रीत होती. मास्तरीण पुढच्या आसनावर बसून यादी म्हणायची आणि तो एकेक करून उत्तर द्यायचा. नळ? झालं. गॅस? झालं. खिट्ट्या? झालं. पायरी? झालं. सोळा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. त्या दिवशीही तिनं म्हटली आणि त्यानं उत्तरं दिली, आणि कोणाच्याही ध्यानात आलं नाही की आज नळ म्हणजे घराची मुख्य चावी आणि गॅसनंतर त्यानं आपणहून विजेचं बटणही पाडलं.

परत आले तेव्हा पाहणीवाल्या बाई फाटकाशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, हातात फाईल. उन्हात बराच वेळ उभ्या असाव्यात. काटेवाल्यानं शंभर वेळा माफी मागितली. बाई म्हणाल्या ठीक आहे, आधी हात धुते.

नळाला पाणी नव्हतं.

काटेवाला धावत गेला, चावी फिरवली, हवेनं नळ खॉक खॉक करून खोकला आणि बाईंच्या साडीवर गढूळ पाण्याचा फवारा उडाला. त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. पंखा हलला नाही. काटेवाला पुन्हा दाराकडे धावला. तेवढ्यात बाईंनी फ्रीज उघडला होता. आतला दिवा त्यांच्या डोळ्यांसमोर लागला आणि त्या एका बाटलीवर उजेड पडला.

मास्तरणीचा चेहरा पांढराफटक झाला होता. काटेवाल्याला वाटलं, आता बोलूनच सावरायला हवं. त्यानं बाईंना घर दाखवायला सुरुवात केली, आणि दाखवता दाखवता तो रंगात आला. ही फरशी, हिला काही करावं लागत नाही. ही गच्ची, हिच्याकडे दहा वर्षं बघायला नको. ही चावी, हे बटण. एकदा फिरवलं की विषय संपला. खिडक्यांना बाहेरून पत्रा. बाई ऐकत होत्या, मान डोलवत होत्या, आणि काटेवाल्याला वाटलं की गाडी रुळावर आली. मग तो अभिमानानं म्हणाला, "बाई, आम्ही तीन महिने नसलो तरी या घराला कळायचंसुद्धा नाही."

बाई लिहायच्या थांबल्या. चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"आणि मुलीला?" त्यांनी विचारलं.

त्याच्या पायाखालची ती सपाट फरशी सरकली. बाराच्या बारा कोपऱ्यांतून सरकली. बाई आतल्या खोलीत गेल्या. छोट्या पलंगावरच्या गादीला हात लावला. प्लास्टिक करकरलं. मोठ्या पलंगावरच्या गादीला लावला. तीही करकरली.

"झोपता कुठे?"

काटेवाला म्हणणार होता, इथेच, कालच नव्या गाद्या आल्यात. शब्द जिभेवर तयार होते. पण मास्तरीण आधी बोलली. "गाडीत," ती म्हणाली.

बाईंनी फाईल मिटली. काटेवाल्याला वाटलं, संपलं. पण त्या म्हणाल्या, मग गाडी दाखवा.

गाडीत त्या वाकून शिरल्या. शेगडीवर सकाळचं भांडं, दोरीवर ओले पंचे, खिडकीत आरसा, मास्तरणीचा चष्मा, पेनांचा डबा, अर्धवट लिहिलेली प्रमाणपत्रं. एक टिचभर जागा रिकामी नाही. आणि मागे, काचेखाली, एक अरुंद बाक, पलंगासारखा. त्यावर काहीच नव्हतं. जिथे चमचा ठेवायलाही विचार करावा लागतो अशा गाडीत अख्खा एक बाक मोकळा. वर धुतलेली चादर, कडा नीट खोचलेल्या.

"इथे कोण झोपतं?"

बाईंनी चादरीचं टोक उचललं. खालची फळी एकसंध नव्हती. आधी हातभर लांबीचा गडद तुकडा, त्याला जोडून फिकट, मग आणखी एक, मग आणखी. चार तुकडे, चार रंगांचे.

सांगावं लागलं मास्तरणीलाच. अर्ज भरला तेव्हा वर्षाच्या आतलं बाळ मागितलं होतं, त्या मापानं यांनी पहिली फळी केली. मग दोघांचं वय वाढलं तसं कार्यालयातून कळवायचे की आता तुम्हाला दोन वर्षांच्या वरचं मूल मिळेल, आता चारच्या, आता सहाच्या. दर वेळी कागद आला की हे एक फळी जोडायचे. त्या बाकावर सामान ठेवलं नाही कधी. एकदा पावसात छत गळलं तेव्हा हे दोघं ओल्यात झोपले, पण तिथे नाही झोपले.

बाई बराच वेळ त्या जोडांवरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याकडे न बघता सांगितलं. मुलगी आतापर्यंत चार ठिकाणी राहिली आहे. प्रत्येक ठिकाणी तिला म्हणाले, हे तुझं घर, आणि प्रत्येक ठिकाणाहून तिला उचललं. आता ती कोणी नवं माणूस भेटलं की एकच विचारते. तुमचं घर हलतं का?

"मी तिला काय सांगू?" बाई म्हणाल्या. "चाकांवरचं घर खरं आहे आणि सिमेंटचं खोटं, असं?"

हे घर त्या मंजूर म्हणून लिहू शकत नव्हत्या. नियमात बसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनातही नाही. नामंजूरही लिहीत नव्हत्या. पाहणी अपूर्ण, एवढंच लिहीन म्हणाल्या. एकवीस दिवसांत पुन्हा येईन, दिवस सांगणार नाही. आणि हेही ऐकून ठेवा, यादीत पुढचं जोडपं आहे. त्यांचं घर तीस वर्षं एकाच जागी आहे.

बाई गेल्या. ओल्या साडीनंच गेल्या.

मग जे भांडण झालं ते लिहिण्यासारखं नाही. सोळा वर्षांचं साठलेलं. तो म्हणाला, एक शब्द खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं. ती म्हणाली, तुमच्या खऱ्या शब्दानं बिघडलं तेवढं पुरे नाही का. तो म्हणाला, हातातोंडाशी आलेला घास घालवलास. ती म्हणाली, तुम्ही बुडबुडे बघत बसलात. मी त्या करकरणाऱ्या जमिनीवर तिला चालताना बघितलं होतं. हे म्हटल्यावर तिला रडू फुटलं, आणि त्यानं कपाळाला हात लावला तर नेमकं टेंगळावर.

दुसऱ्या दिवशी दादा येऊन गेला. नेहमीसारखं "काय पाहुणे" म्हणायला गेला आणि दोघांचे चेहरे बघून शब्द गिळला. चहा घेतला आणि उठला.

पाचव्या दिवशी कारखान्याचा फोन. तोच कारखाना, जिथलं काम त्या दिवशी अर्धवट टाकून ते निघाले होते, वर्षातलं सगळ्यात मोठं काम. काट्यांच्या सीलची मुदत संपत होती, गुरुवारी यायलाच हवं. काटेवाल्यानं तीन आठवडे मागितले. व्यवस्थापक म्हणाले, तीन आठवडे काटे बंद ठेवून आम्ही काय माल डोळ्यांनी मोजू? येत नसाल तर दुसऱ्याला बोलावतो.

दोन दिवसांचं तर काम. जाऊन येतो म्हणाला. मास्तरीण म्हणाली, जा, मी थांबते. त्या आल्या तर घरात माणूस हवं.

सोळा वर्षांत दोघं कधी एक दिवस वेगळे राहिले नव्हते. गुरुवारी सकाळी तो स्टिअरिंगशी बसला. शेजारची जागा रिकामी. मास्तरीण घराच्या दारात उभी, पदर हातात गुंडाळत. यादी म्हणायला कोणी नाही म्हणून तो स्वतःच म्हणायला लागला. नळ? झालं. गॅस? झालं. खिट्ट्या? झालं. आपलाच प्रश्न, आपलंच उत्तर. गाडी फाटकाबाहेर पडली, रस्त्याला लागली, पहिलं वळण आलं. वळणावर मागच्या मोकळ्या बाकाचा जोड खाडकन वाजला. तो नेहमीच वाजायचा, मास्तरणीच्या बोलण्यात ऐकू यायचा नाही इतकंच.

त्यानं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला. घर हलतं का? बाई आज आल्या, आणि विचारलं नवरा कुठाय, तर मास्तरीण खरंच सांगणार. तिला दुसरं येतच नाही. आणि खरं काय होतं? की पाहणी चालू असताना, मुलगी टांगणीला असताना, हा माणूस गाडी घेऊन निघाला.

दहा मिनिटांत तो अंगणात परत होता. मास्तरीण अजून दारातच उभी.

"कारखाना गेला," तो म्हणाला, आणि गाडीत मागे जाऊन स्क्रू काढायला लागला.

बाक बाहेर काढायला दीड दिवस लागला. नऊ वर्षांत स्क्रू गंजून फळीशी एकजीव झाले होते. छोटा पलंग त्यांनी दादाकडे पाठवला आणि त्या जागी बाक लावला, तर नवीनच कटकट. गाडीची भिंत बाहेर फुगलेली असते, त्यामुळे फळीची एक कड गोलसर कापलेली. घराची भिंत सरळसोट. मध्ये चार बोटांची फट राहिली. काटेवाल्यानं पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध. म्हणजे फळी बरोबर, भिंत बरोबर, आणि तरी फट.

तो लाकडाची पट्टी कापून फट बुजवायला निघाला, तर मास्तरणीनं हात धरला. "राहू द्या."

"अगं, तिच्या पेन्सिली पडतील त्यात."

"पडू देत की. वाकून काढू."

त्या दिवसापासून दोघं घरात झोपायला लागले. झोप येत नव्हती, तरी. गाद्यांचं प्लास्टिक फाडलं. कपाटाच्या खिट्ट्या काढल्या, तर रोज कोणाच्या ना कोणाच्या कपाळाला दार लागायचं. आणि काय सांगावं, इतकं गुणी घर, ज्याला काही लागत नाही म्हणून घेतलं, ते रोज वापरायला लागल्यावर हळूहळू मागायला लागलं. न्हाणीघराची नळी तुंबली. नळाचं रबर गेलं. स्वयंपाकघरात मुंग्यांची रांग लागली. काटेवाला चिडायचा, बडबडायचा, पाना घेऊन पालथा पडायचा. मास्तरीण म्हणायची, काट्याखाली पडता तेव्हा नाही ती कुरकुर.

पण हे सगळं दिवसा, तेही हात कामात असताना. एरवी घरात शब्द नसायचा. फाटकाची कडी वाजली की दोघं उभे राहायचे. वर्तमानपत्रवाला असायचा. अकरावा दिवस गेला, बारावा गेला. काटेवाल्याला आता ते पुढचं जोडपं डोळ्यांसमोर दिसायला लागलं होतं, चेहऱ्यासकट. त्यांच्याकडे जमीन नक्की करकरत असणार. चौदाव्या दिवशी मास्तरणीनं जेवण टाकलं. पंधराव्या दिवशी तो म्हणाला, कार्यालयात फोन करू का. ती म्हणाली, नको, फोन केला आणि त्यांनी सांगितलंच तर?

सोळाव्या दिवशी भर दुपारी बाई आल्या.

काटेवाला ओट्याखाली आडवा होता, पुन्हा बाहेर नुसते बूट. गळक्या नळाखाली बादली. मास्तरणीचे केस ओले, पलंगावर कपड्यांचा ढीग, ओट्यावर सकाळपासूनची भांडी, दाराशी चिखलाचे पाय. काटेवाला बाहेर आला आणि हे सगळं एकदम बाईंच्या डोळ्यांनी बघितलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी कसं लख्ख होतं. आज हे असं.

बाईंनी हात धुतले. नळाला पाणी होतं, जरा जास्तच होतं. फ्रीज उघडला, बंद केला. आतल्या खोलीत गेल्या. बाक बघून उभ्या राहिल्या. मग भिंतीजवळची फट बघितली, वाकल्या, आणि तिच्यातून मास्तरणीचं एक पेन काढून बाकावर ठेवलं.

"मागच्या वेळी मी एक विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "मुलीला काय सांगू?"

काटेवाल्यानं सोळा दिवस उत्तरं रचली होती. चांगली चांगली. त्यातलं एकही आठवेना. हातातला पाना खाली ठेवत तो म्हणाला, "गाडी हलते, बाई. ते माझं पोट आहे. महिन्यातला एक आठवडा मी जाणार, एकटा. घर इथेच राहील. ही इथेच राहील. ही नसली तर या घराला कळेल आता. बघताय ना, रोज काहीतरी मागतं."

मास्तरणीनं चमकून त्याच्याकडे बघितलं. एकटा हा शब्द दोघांमध्ये याआधी कधी बोलला गेला नव्हता. तिनं नाही म्हटलं नाही. हो म्हणायलाही तिला वेळ लागला, आणि म्हणाली तेव्हा नुसती मान हलली.

बाई लिहीत होत्या. फार वेळ लिहीत होत्या. नळाचे थेंब बादलीत पडत होते, आणि काटेवाल्याला ते मोजल्याशिवाय राहवेना. चाळीसपर्यंत आला तेव्हा बाईंनी फाईल मिटली.

"मी काही कबूल करत नाहीये," त्या म्हणाल्या. "ते पुढचं घरही मला बघायचंय. निर्णय माझ्या एकटीचा नसतो."

दोघांनी माना हलवल्या.

बाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. वळून त्या बाकाकडे बघितलं.

"अजून एखादी फळी आहे का शिल्लक?" त्यांनी विचारलं. "वयाच्या मानानं उंच आहे ती."

काटेवाल्यानं खिशातून टेप काढली. टेपचं टोक दोनदा निसटलं. म्हणाला, किती उंच? बाईंनी हात खांद्याशी धरला. इथपर्यंत येते माझ्या.

"तुम्ही सरळ उभ्या राहा," तो म्हणाला. "चप्पल काढून."

बाईंनी चप्पल काढली आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यानं फरशीपासून त्यांच्या खांद्यापर्यंत टेप ताणली, डोळा बारीक करून आकडा बघितला, पुन्हा बघितला, आणि मोठ्यानं वाचला. मास्तरणीनं बाकावरचं पेन उचललं आणि तो आकडा एका प्रमाणपत्राच्या कोऱ्या मागच्या बाजूला लिहून घेतला, आणि खाली सवयीनं तारीख घातली.